अकरावीतला मुलगा म्हणतोय, सापाच्या नव्या जाती शोधणार!

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा अकरावी सायन्सला, पीसीबी. सर्पमित्रांच्या बाईकवर मागे बसून रात्री-अपरात्री कॉलवर जातो, पुढे सापाच्या नव्या जाती शोधणार म्हणतो. मिस्टर म्हणतात गपचूप बी फार्म कर. ताई विचारतायत, यात पोटापाण्याचं काही आहे का, की नुसतंच खूळ?

ताई, आहे, पण त्याला वाटतंय ते काम हे नाही. त्याच्या डोक्यात जंगल, टॉर्च आणि हातात साप असणार, प्रत्यक्षात बराचसा वेळ टेबलावर जातो. आपल्या हरणटोळाचंच बघा ना, घाटातल्या त्या हिरव्या सापाला सगळे वर्षानुवर्षं अहेतुल्ला नासुटा (हे शास्त्रीय नाव) म्हणत होते, मग ठिकठिकाणचे नमुने घेऊन डीएनए आणि खवले दोन्ही तपासले, २०२० मध्ये पेपर आला आणि निघालं काय तर नासुटा श्रीलंकेतला, आपल्या पश्चिम घाटात त्याच्यासारखे दिसणारे चार वेगळे! त्यातला आपल्या महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूचा तो बोरिअ‍ॅलिस. म्हणजे साप सगळ्यांना दिसतच होता, वेगळा आहे हे कुणी तपासून दाखवलं नव्हतं.

आणि हे दाखवायचं म्हणजे काय, तर अल्कोहोलमधला साप मायक्रोस्कोपखाली घ्यायचा, सुईच्या टोकाने पोटावरचे खवले गळ्यापासून गुदद्वारापर्यंत एकेक करून मोजायचे, मग शेपटीखालचे, मग ओठावरचे, नर-मादीत फरक असतो म्हणून ते वेगळे मांडायचे, चुकलं की परत पहिल्यापासून. डीएनएचं पण तसंच. मायटोकाँड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचे) जीन्स फक्त आईकडून येतात त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही, न्यूक्लियर, म्हणजे पेशीच्या केंद्रकातले, जीन्सही बघतात, आणि अमुक टक्के फरक आला की नवी जात असा काही ठरलेला आकडा नाही, म्हणून खवले, कवटी, राहण्याची जागा सगळं जुळवावं लागतं. वर जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं, त्यातले कितीतरी लंडनच्या म्युझियममध्ये. यात वर्षं जातात हो.

तर त्याची एक परीक्षा घ्या. कुठे धामणीची कात दिसली तर जवळून स्पष्ट फोटो काढायला सांगा (कात घरी आणायची नाही), लॅपटॉपवर झूम करून शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा मोजू दे. धामणीच्या साधारण १७ भरतात, दिवडाच्या १९. दोन-तीन वेळा मोजून आकडा एकच आला आणि तरी कंटाळला नाही, तर पोरगा या कामाचा. अर्ध्यात मोबाईल उचलला तर त्याला साप पकडायचा थ्रिल आवडतोय, दुसरं काही नाही.

रस्ता म्हणाल तर बीएस्सी झुऑलॉजी किंवा लाइफ सायन्स, सोबत स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग, हे टाळून चालणार नाही. मग एमएस्सीला डेहराडूनचं वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), दोन्हीकडे सीट मोजक्या. नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा) निघाली की पीएचडीला महिना ३७ हजार मिळतात. मुंबईत असल्याचा फायदा म्हणजे फोर्टात हॉर्नबिल हाऊसला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे, १८८३ पासूनची संस्था, त्यांचे छोटे कोर्स असतात, एखादा करू दे.

मिस्टरांची भीती खोटी नाही. निव्वळ वर्गीकरणाच्या नोकऱ्या खूपच कमी आहेत. पण पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं), डेटा अ‍ॅनालिसिस हाताला बसलं तर दुसऱ्या लॅबचे दरवाजेही उघडे राहतात, एवढं त्यांना सांगा.

ते रात्रीचं कॉलवर जाणं मात्र आजपासून बंद. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे संशोधकांनाही नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी काढावी लागते, हा तर अकरावीतला पोर, आणि घोणस-फुरसं समोरच्याचं वय बघत नाही. तुमचं ऐकत नसेल तर माझं नाव सांगून ओरडा.