रायटर होशील का?

हाय गं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, वृक्षारोपण झालं, गणपतीत निर्माल्य गोळा केलं, पूरग्रस्तांसाठी कपडे जमवले आणि आता विचारतेस की ताई अजून काय करू. अगं अजून काही नको, यातलं निम्मं आधी सोड. दर रविवारी नवा टी-शर्ट घालून ग्रुप फोटो काढणं वाईट नाही (मीही काढलेत), पण तू आली नाहीस तर अमक्याचं अडेल असं एक तरी काम हातात पाहिजे.

अकरावीत आहेस ना, मग फेब्रुवारीत बारावीच्या एखाद्या अंध मुलाची रायटर हो. बोर्डाच्या पेपरला रायटर परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे आम्हा मोठ्यांना कितीही वाटलं तरी आमचा उपयोग नाही, तुम्हीच पाहिजेत, आणि नेमके त्याच दिवसांत कुणाचे क्लास, कुणाच्या मावशीचं लग्न, आदल्या रात्री फोनच लागत नाहीत.

काम सोपं वाटतं, तो सांगणार तू लिहिणार. पण तो चुकीचं उत्तर सांगतो आणि तुला बरोबर माहीत असतं ना, तेव्हा हात शिवशिवतात. तरी तो सांगेल तेच लिहायचं, नुसतं "हं?" सुद्धा करायचं नाही, आवाजावरून त्याला लगेच कळतं. पेपर त्याचा आहे. प्रश्न मार्कांसकट वाच, परत वाच म्हणाला तर तोंड न वाकडं करता परत वाच, मधेच थांबला तर शेवटचं वाक्य वाचून दाखव. तीन तासांच्या पेपरला निदान तासभर जादा मिळतो म्हणजे चार तास लिहायचंय, तेव्हा घरी एकदा घड्याळ लावून बस, अक्षराचं शेवटी काय होतं ते बघ.

आपल्या सोयीने मदत करायची खोड जुनी आहे गं. पॅरिसच्या अंधशाळेत आधी आपलीच नेहमीची अक्षरं उठावदार छापलेली पुस्तकं होती, डोळसांना कळायला सोपी, बोटांना अवघड. मग सैन्यातून आलेल्या शार्ल बार्बिएने ठिपक्यांची लिपी दिली, पण एका खुणेत बारापर्यंत ठिपके, बोटाच्या टोकाखाली मावायचेच नाहीत. सहा ठिपक्यांवर ती आणली तिथल्याच एका अंध मुलाने, लुई ब्रेलने, १८२४ साली. वय १५, म्हणजे तुझ्याहूनही लहान!

म्हणून पेपरच्या आधी दोन-तीनदा त्याला भेट, कसं वाचलेलं आवडतं, कुठे थांबायचं, स्पेलिंग तो सांगणार की कसं, सगळं त्यालाच विचार. वर्गात नेताना हात धरून ओढू नकोस, तुझं कोपर पुढे कर, तो धरेल.

त्या मुलाच्या शाळेतल्या मॅडमचा नंबर पाठवते. पण हो म्हणायच्या आधी घरी बोल, पेपरच्या दिवशी तुझं कॉलेज बुडणारे, आणि आई रागावली तर मला फोन लावून दे.

ताई