दारापुढचे मीठ

सोलापुरात वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाने मॉन्ट्रियलच्या बर्फाळ रस्त्यांची कितपत धास्ती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे; शिवाय तुम्हाला जानेवारीतच सहकुटुंब यायचे आहे. व्हिसा, परवाना, विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेल, ती मी देत नाही. सोलापुरातला जुळे सोलापूर हा भाग सोडताना हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

मोठ्या रस्त्यांची धास्ती नको. हिमवृष्टीनंतर महापालिकेची यंत्रे बर्फ कडेला लोटतात, मग दुसरे यंत्र तो फवाऱ्यासारखा उडवून ट्रकमध्ये भरते आणि ट्रक तो सेंट-मिशेलच्या जुन्या दगडखाणीत व अशाच इतर जागी नेऊन टाकतात. त्यासाठी रस्त्यावर नारिंगी पाट्या लावतात. पाटीवरच्या वेळेत तेथे गाडी ठेवू नका. उचलून नेण्याआधी भोंगा वाजवतात. हिवाळी टायर १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचे आहेत, कारण नेहमीच्या टायरचे रबर थंडीत कडक होऊन पकड सोडते. पूल येण्याआधीच वेग कमी करा. पुलाला खालूनही गार वारा लागतो, त्यामुळे तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो.

खरी जोखीम घराच्या पायऱ्यांवर असते. येथे जिने बरेचदा घराबाहेर असतात आणि त्यांवर मीठ आपणच टाकायचे असते. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो; साधारण उणे १५ अंशांच्या खाली मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, मग पाय घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात. हे मला ठाऊक होते, पिशवीही आणली होती, पण हात होईना. सांडलेले मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावे लागते, असे आई सांगायची. ते मूठमूठभर पायाखाली कसे टाकायचे?

त्याच आठवड्यात वादळामुळे शाळा बंद असल्याची सूचना फक्त फ्रेंचमध्ये आली. मॉन्ट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे, त्याच्या १९७७ च्या भाषेच्या सनदेमुळे, म्हणजे फ्रेंचला प्राधान्य देणाऱ्या कायद्यामुळे, आपल्यासारख्या बहुतेकांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावे लागते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलेल्या मला भाषेची अडचण येईल असे वाटलेच नव्हते. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी गुडघाभर बर्फातून बंद फाटकापर्यंत गेलो. परत आल्यावर ती आमच्याच तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. शाळेने नव्या पालकांना एक ओळ इंग्रजीत लिहायला हवी होती, हे मी आजही म्हणतो. पण पायरी माझी होती आणि मिठाची पिशवी दारामागे न फोडलेली पडून होती. बायकोला मी बरेच दिवस 'मीठ संपले होते' असे सांगत राहिलो.

एकटेपणाचे फार मनावर घेऊ नका. फावडे घेऊन बाहेर पडलात की शेजारी आपणहून बोलतात.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, दिवसांत येथे थंडी सर्वांत कडक असते, म्हणून येताना एक सोलापुरी चादर आणा आणि ती फावड्यासह डिकीत ठेवा. वाटेत अडकलात तर इंजिन सुरू करण्याआधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर गाडीत शिरतो. आणि मिठाची पिशवी आणाल त्याच दिवशी फोडा.