वाचकांचे प्रश्न : सल्ला कुणाला विचारावा आणि काय विचारावा

प्रश्न : मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. वय ३८. गेली चार वर्षे घरी सावजी मसाला करून ओळखीच्या लोकांना विकते. महिन्याला साधारण ३५ किलो जातो. किलोला ६०० रुपये घेते आणि कच्च्या मालाला ३८० रुपये लागतात, म्हणजे २२० रुपये सुटतात. आता मोठे यंत्र घेऊन किराणा दुकानांतून पाकिटे ठेवावीत असे वाटते. एक गृहस्थ म्हणतात, "दहा लाखांचे कर्ज सबसिडीसह मंजूर करून देतो, आधी २५ हजार द्या." दीर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला सांगतात. सासऱ्यांच्या मते इतवारीच्या ठोक बाजारात गाळा घेतल्याशिवाय धंदा उभा राहत नाही. मी कुणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी असे दिसते की, सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानेही आजवर मसाला विकलेला नाही. चार वर्षे तो विकला आहे आपण, आणि तरीही आपल्याच हिशेबाला सर्वांत कमी वेळ दिला गेला आहे. म्हणून प्रथम त्या २२० रुपयांकडे पाहू.

आज आपण थेट घरोघरी विकता. दुकानदार मध्ये आला की त्याचा नफा आपल्याच किमतीतून जाणार. तो २० टक्के धरला, तर ६०० रुपयांच्या मालाचे आपल्या हाती ४८० येतील. धणे, मिरची, खडा मसाला भाजताना आणि दळताना वजन घटते. आपले ३८० रुपये कच्च्या किलोचे असतील आणि घट ५ टक्के धरली, तर तयार किलोचा खर्च ४०० रुपये होतो. राहिले ८०. शंभर ग्रॅमची दहा पाकिटे लेबलासकट तीन-तीन रुपयांना पडली, तर उरतात ५०. गॅस, वीज, दळण, दुकानापर्यंतची ने-आण, परत आलेली पाकिटे, दुकानदाराची उधारी आणि आपली स्वतःची मजुरी हे सारे त्या ५० रुपयांतून भागवायचे आहे. यावर कर्जाचा हप्ता कसा बसेल, हे आपणच ठरवावे. माझे आकडे अंदाजाचे आहेत. आपण एक महिनाभर वहीत खरे आकडे मांडावेत आणि वस्तीतल्या चार-पाच दुकानांत पन्नास-पन्नास पाकिटे ठेवून पाहावीत. तीच पाकिटे दुसऱ्यांदा मागवणारा दुकानदार हा आपला पहिला खरा सल्लागार होय.

हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. नवी मिरची कळमन्याच्या बाजारात हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत येते आणि वर्षभराची खरेदी तेव्हाच करणे परवडते. भिवापुरी मिरची वापरत असाल, तर हे अधिकच खरे. म्हणजे आपल्याला पैशाची निकड यंत्रासाठी आहे त्यापेक्षा हंगामातल्या खरेदीसाठी अधिक आहे. यंत्राचे कर्ज वेगळे आणि खेळते भांडवल वेगळे. बँकेत गेल्यावर नुसते 'कर्ज हवे' असे न म्हणता, मार्चमध्ये इतक्या हजारांची मिरची घ्यायची आहे व ती अमुक महिन्यांत विकली जाते, असे सांगितले की शाखाधिकारी निराळ्याच तऱ्हेने बोलू लागतो. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचा शिशु आणि ५ लाखांपर्यंतचा किशोर असे गट आहेत, आणि आपल्याएवढ्या कामाला पहिल्या वर्षी यापलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

आता ते २५ हजारवाले गृहस्थ. त्यांना काही देऊ नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन होतो, आणि योजनेसाठी कोणीही खासगी मध्यस्थ नेमलेला नाही, अशी सूचना त्या संकेतस्थळावरच दिलेली आहे. या योजनेत शहरी भागातील महिलेला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळते व स्वतःचा वाटा ५ टक्के असतो, हे खरे आहे. मात्र अनुदानाची रक्कम हाती पडत नाही, बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. शिवाय ही योजना केवळ नव्या उद्योगासाठी आहे, आणि आपण तर चार वर्षे विकत आहात. चालू असलेल्या लहान घटकांसाठी २०२० साली सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना अधिक जवळची आहे. तिच्यात ३५ टक्के, पण कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. राज्यात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. त्यामुळे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन योजना सध्या चालू आहे का आणि, या योजनेसाठी जिल्ह्याचे निवडलेले उत्पादन संत्रे असले तरी, मसाल्याचा अर्ज कसा बसतो, हे विचारावे. प्रकल्प अहवाल तयार करून अर्ज भरून देण्यासाठी तेथे जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचा मोबदला शासन देते. जे काम फुकट होणार आहे, त्यासाठीच आपल्याकडे २५ हजार मागितले जात आहेत.

नियमांचे म्हणाल, तर ते वाटते तितके अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, आधार आणि पॅन पुरते. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो आहे ना, एवढे मात्र पाहावे, कारण सरकारी भासणारी आणि शुल्क घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. आपली वार्षिक विक्री अडीच लाखांच्या आसपास असल्याने अन्नसुरक्षा कायद्याखाली परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये. ती अजून केली नसेल, तर दुकानात एकही पाकीट ठेवण्यापूर्वी करावी. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख, कमाल किरकोळ किंमत, आपला पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. वस्तूंच्या व्यापारात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, परंतु छिंदवाड्याच्या किंवा रायपूरच्या दुकानदाराला माल विकायचा झाल्यास त्या मर्यादेची सवलत मिळत नाही, नोंदणी करावीच लागते. नागपूरकरांचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याला ही गावे परराज्यात वाटतच नाहीत.

कंपनी आत्ता नको. उलाढाल कितीही लहान असो, कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करावेच लागते. इतवारीतला गाळाही नको. सासऱ्यांचा अनुभव ठोक बाजाराचा असावा, आणि ठोक बाजारात आपला मसाला भावावर तोलला जाईल, चवीवर नव्हे.

सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात मात्र अवश्य जावे. तेथे जिल्हा उद्योग केंद्र आहे, आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनचे कार्यालयही आहे. त्या संघटनेची महिला उद्योजिकांची स्वतंत्र शाखा असून, दुकानदाराची उधारी कशी वसूल करावी यासारख्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा तेथील एखादी भगिनी अधिक चांगले देईल.

प्रश्न : वय २७, हिंगणा. कारखान्यातली नोकरी सोडून लेथवर जॉबवर्क, म्हणजे इतर कारखान्यांचे काम मजुरीवर करून देणे, सुरू करायचे आहे. नात्यातले एक काका एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत ओळख करून देणार आहेत. पैसे घालणार नाहीत, पण मार्गदर्शनाबद्दल धंद्यात २० टक्के भागी मागतात. घरचे म्हणतात, मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

उत्तर : काकांचा मान राखून नाही म्हणता येते. दोन ओळखी ही एकदाच घडणारी गोष्ट आहे, भागी मात्र दरवर्षीची. शिवाय १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार असतो, ही बाब काकांनाही ठाऊक नसावी. त्यांना ती समजावून सांगितल्यास बहुधा तेच भागीचा आग्रह सोडतील. त्यांनी आणलेल्या कामाच्या बिलावर ठरावीक टक्के, दोन वर्षांपुरते, असे लिहून द्यावे, म्हणजे कोणाचाच अपमान होत नाही.

आपण विचारलेले नाही, पण जॉबवर्कवाल्याला बुडवते ती थकबाकी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे कराराने ठरवलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. उद्यम नोंदणी पहिला माल देण्याआधीच करून ठेवावी, नंतर केल्यास वाद उभे राहतात. पहिल्याच गिऱ्हाइकावर कोणी कायदा उगारत नाही, हे मलाही समजते, परंतु बिलाच्या तळाशी ४५ दिवसांची ओळ छापायला काही खर्च येत नाही.

प्रश्न : काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. रसाच्या बाटल्या भरण्याचे यंत्र घेण्याआधी कोणाला भेटावे?

उत्तर : नागपुरात अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, प्रथम तेथे जावे. त्याच मार्गावरील एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आता विद्यापीठ) अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते, तेथील प्राध्यापकांशीही बोलावे. विचारायचा पहिला प्रश्न रसाच्या कडवटपणाचा असावा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण ठेवल्यावर वा तापवल्यावर त्यात लिमोनिन तयार होऊन तो कडू होत जातो. यंत्र विकणारा ही गोष्ट आपणहून सांगणार नाही. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची फळे निघाली की पाच लिटर रस घरीच काढून तापवावा, बाटल्या भरून थंड जागी ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी घराबाहेरच्या माणसाला चाखायला द्याव्यात.