समोर सुपरमार्केट येतंय, कोर्टात जाऊ का?

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार, पाथर्डी फाट्याजवळ आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मोठं सुपरमार्केट होतंय, मनपाने प्लॅन पास केलाय म्हणे. जुने लोक सांगतात तिथे खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. आम्ही काही दुकानदार वर्गणी काढून जनहित याचिका टाकायची म्हणतोय, नाहीतर सगळ्यांचा धंदा बसणार. स्टे मिळेल का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : शेठ, "धंदा बसणार" एवढ्यावरच कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला परत याल. गुजरातमधलं एक प्रकरण आहे, जसभाई देसाई यांचं, त्यात नवीन टॉकीज होऊ नये म्हणून जुन्या टॉकीजवाल्यांकडून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, आणि 1976 साली कोर्टाने सरळ सांगितलं की स्पर्धक आला म्हणजे तुमच्या कायदेशीर हक्कावर गदा आली असं होत नाही. शिवाय स्वतःच्या गल्ल्यासाठी केलेली याचिका जनहित म्हणून चालतच नाही, उलट दंड बसायचा.

तुमच्या पत्रात खरा दम आहे तो मैदानात. लखनौला अमीनाबादमध्ये झंडेवाला पार्कखाली अंडरग्राउंड शॉपिंग सेंटर बांधायला महापालिकेने एका बिल्डरला जागा दिली होती, तीसुद्धा टेंडर न काढता. 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बांधकाम काढून पार्क पूर्ववत करायला लावला. म्हणजे काम झालंय, पैसे अडकलेत, आता राहू द्या, हे दरवेळी चालतंच असं नाही. (दरवेळी पाडतात असंही नाही हां, त्यावर विसंबून बसू नका.) त्याआधी 1991 ला बंगळुरूच्या केसमध्ये पार्कची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, तिथे भागातल्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे हे कोर्टाने मान्य केलं. म्हणून दुकानदार म्हणून नको, कॉलनीतले रहिवासी म्हणून जा, आणि ज्यांचा दुकानाशी काही संबंध नाही अशा लोकांना पुढे करा.

पण आधी कागद. नाशिक मनपाच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, मंजूर नकाशा आणि टिपणी माहिती अधिकारात मागा, फी 10 रुपये. बघायचं एवढंच की आरक्षण गेलं कसं. नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदल केला असेल तर जाहीर नोटीस काढून हरकती मागवायला लागतात, ते झालंय का? की मालकाने कलम 127 ची खरेदी सूचना (जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) दिली आणि मनपाने 24 महिन्यांत जागा संपादनाचं पाऊलच उचललं नाही म्हणून आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं? तसं असेल तर, स्पष्टच सांगतो, तुमची केस पातळ आहे आणि वर्गणी वाचवा. सुपरमार्केट तिथे हवं की नको हे कोर्ट ठरवत बसत नाही, परवानगी कायद्यात बसवून दिली का एवढंच बघतं.

नगररचना कायद्यातलं कलम 47 चं अपील फक्त परवानगी मागणाऱ्यालाच, तुम्हाला नाही. नाशिकच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला तर कलम 149 आडवं येतं, मनपाच्या अशा आदेशांना दाव्यात आव्हान देता येत नाही. तेव्हा पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई हायकोर्ट, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 ची रिट याचिका, आणि त्यात मनपा व सरकारसोबत बिल्डरलाही प्रतिवादी करा. त्याआधी आयुक्तांना कलम 51 खाली परवानगी रद्द करायचा अर्ज देऊन पोच घ्या. बांधकाम बरंच पुढे गेलं की हे कलम लंगडं पडतं आणि हायकोर्टही विचारतं, इतके दिवस कुठे होतात? तेव्हा दिवाळीनंतर बघू वगैरे करू नका.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगखालच्या शोरूमने बेसमेंट पार्किंगचं गोडाऊन केलंय, गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या गेटसमोर. यालाही हायकोर्टच का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही हो ताई, इथे परवानगी बरोबर आहे, वापर चुकीचा आहे. मंजूर नकाशात तो बेसमेंट पार्किंग म्हणून दाखवलाय ना, त्याची प्रत, आणि आतल्या खोक्यांच्या थप्प्या व गेटसमोरच्या गाड्यांचे तारखेसकट फोटो जोडून नगररचना आणि विभागीय कार्यालय दोन्हीकडे तक्रार द्या, नगररचना कायद्यातल्या कलम 52 आणि 53 चा (बेकायदा बांधकाम-वापरावर कारवाईची कलमं) उल्लेख करा. सोसायटीच्या लेटरहेडवर दिली तर उत्तम. नोटीस निघूनही काहीच हललं नाही तर मग हायकोर्टाचं बघू.