लग्न झालेलं नाही, मूल आहे : ताब्याचे प्रश्न

लग्न न केलेल्या बापाला मुलाचा संयुक्त ताबा मिळतो का, अशी पत्रं फलटणपासून जतपर्यंत सगळीकडून येतात. निम्म्या पत्रांत टपरीवरचा कायदा असतो.

मुलगी पाच वर्षांची झाली की ताबा आपोआप वडिलांकडे येतो, असं मित्र म्हणतात. खरं का? (कराड)

नाही. पाच वर्षांचा उल्लेख आहे तो लग्नातून झालेल्या मुलांबद्दल, आणि तिथंही ‘आपोआप’ काही होत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे आईबापांचं लग्न नसेल तर नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणून दार बंद झालं असं नाही. कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली बापाला अर्ज करता येतो. तुम्ही हिंदू नसाल तर ते वकिलाला आधी सांगा.

मी गलाईच्या धंद्यासाठी कोईमतूरला असतो, मुलगा आईजवळ विट्याला. अर्ज इथून करू? (विटा)

नाही. मूल नेहमी जिथं राहतं, तिथल्या कोर्टात.

वेगळं होताना शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली : शनिवार-रविवार मुलगी माझ्याकडे. मुलगी आता चार वर्षांची आहे, दोन वर्षं तिची आई तिला पाठवतच नाही. कागद पोलिसांना दाखवू? (तासगाव)

पोलीस कागद वाचतील आणि ‘कोर्टात जा’ म्हणतील. बरोबरच म्हणतील. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो, की अमक्यानं अमक्या दिवशी सही केली. मुलगी म्हणजे बांध घालून वाटायची जमीन नव्हे. आईबापांनी काहीही लिहिलं तरी तिचं हित कोर्ट स्वतंत्रपणे बघतं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, तरी छापील ‘संयुक्त ताबा करारनामा’ विकणाऱ्यांचा धंदा काही थांबला नाही. माझ्याकडे आलेल्या एका कागदात तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या मुलाचं नाव तसंच राहिलं होतं!

मुळात ‘संयुक्त ताबा’ १९५६ आणि १८९० च्या कायद्यांत लिहिलेलाच नाही. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात तो आणण्याची शिफारस केली होती. कायद्यात नसला तरी कोर्ट आदेशातून तो देऊ शकतं : मूल राहणार कुणाकडे, सुट्टीचे दिवस कुणाचे, शाळा-दवाखान्याचं कोण ठरवणार. तुमचाच मजकूर दोघांच्या संमतीनं कोर्टात देऊन आदेश घेतला असता, तर आज तो मोडल्याची दाद मागता आली असती.

कागद फाडू मात्र नका. आईनं तुम्हाला बाप म्हणून मान्य केल्याचा तो लेखी पुरावा आहे. पण दोन वर्षं! मुलीच्या आयुष्यातला निम्मा काळ तुम्ही कागद कपाटात ठेवून काढलात. मुलगी तुम्हाला ओळखते का, हे कोर्ट बघणार. मूळ अर्जाला वेळ लागतो, म्हणून त्याच्यासोबतच अंतरिम भेटीचा अर्ज द्या. याच आठवड्यात वकील गाठा.

जन्मदाखल्यावर माझं नाव नाही. घरपोच डीएनए चाचणीची जाहिरात आलीय. करू? (फलटण)

पैसे वाचवा. आई पितृत्व नाकारत नसेल तर सहसा चाचणी लागत नाही. नाकारत असेल तर घरी घेतलेला नमुना कुणाचा, हे सिद्ध कसं करणार? चाचणी कोर्टामार्फत होते, आणि कोर्टही ती सहजासहजी सांगत नाही. जन्माच्या वेळी आई दुसऱ्या कुणाची बायको असेल तर कायदा नवऱ्यालाच बाप धरून चालतो. हे वकिलापासून लपवू नका.

ती भेटू देत नाही म्हणून खर्च बंद केला. मुलाला शाळेतून परस्पर आणू का? (मिरज)

खर्च म्हणजे भेटीचं भाडं नव्हे. लग्नाबाहेरच्या मुलालाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मिळते. आजच पैसे पाठवा, बँकेतून. अपहरणाच्या कलमात बापासाठी अपवाद आहे, असं कुणी सांगितलं असेल. आहे. पण त्याच्या भरवशावर मूल उचलून आणलंत, तर ताब्याच्या अर्जात पहिलं बोट त्यावरच ठेवलं जाईल. शिवाय उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे. मूल परत मागायला आईला आता मुंबई गाठावी लागत नाही.

वकिलाची फी परवडत नाही. (जत)

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.