सही कोणी करायची?

“मॅडम, सुरी लागली, आत वारं शिरलं की कॅन्सर पसरतो.” स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरांतून हे वाक्य मी नाशिकमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता फाइल उघडण्याआधीच त्याची वाट बघते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटर काका (ओळख बदललीय) मुलाबरोबर आले होते. कावीळ समजून महिनाभर झाडपाला झाला, मग सीटी स्कॅन. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी, ऑपरेशन होण्याजोगी. काकांचा नकार.

वाऱ्याने कॅन्सर पसरत नाही, हे मी नीट समजावलं. त्यांनी मान हलवली आणि घरी जाऊन पुन्हा नकारच कळवला. विचार बदलला की भीती ओसरते, असं मानणारी मी. इथे माझंच घोडं अडलं. तिसऱ्या भेटीत मी समजावणं सोडलं. विचारलं, “वारं कोणाला लागलं होतं, काका?”

बराच वेळ ते चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले. “थोरल्या भावाला. पोट उघडलं अन् तसंच शिवलं. दीड महिन्यात गेला. सही माझी होती.”

“रोग आधीच लिव्हरवर गेला होता, काका. उघडल्यावर दिसला, म्हणून शिवलं.”

“म्हणजे माझ्या सहीनं नाही?”

“नाही.”

भीती सुरीची नव्हतीच. हे मला पहिल्या भेटीतच उमगायला हवं होतं. तिसऱ्या भेटीत का होईना, उमगलं.

मग काकांमधला फिटरच प्रश्न विचारायला लागला. मी सांगितलं, या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग काढतात, कधी जठराचा थोडा भागही; मग उरलेलं आतड्याला जोडायला तीन जोड. “गळतो कुठला?” बहुधा स्वादुपिंडाचा, आणि मोठा धोका तोच. म्हणून सर्जनला बिनधास्त विचारा: वर्षाला अशी किती करता? जिथे नेहमी होतात तिथे धोका कमी.

गाठ शेपटाकडे असेल तर तेवढा भाग, बहुतेकदा प्लीहेसकट (जंतूंशी लढणारा शेजारचा अवयव) काढतात. त्याआधी लसी घ्याव्या लागतात. सगळंच स्वादुपिंड काढलं तर जन्मभर इन्सुलिन आणि जेवणाबरोबर एन्झाइमच्या गोळ्या. रक्तवाहिन्यांना गाठ चिकटली असेल तर अनेकदा आधी केमो. निदानाच्या वेळी शंभरात जेमतेम पंधरा-वीस जणांचं ऑपरेशन शक्य असतं. डॉक्टर ‘होईल’ म्हणाले तर वाऱ्याच्या भीतीने महिने घालवू नका.

निघताना मुलाने पेन काढलं. काकांनी ते त्याच्या हातातून घेतलं. “फॉर्मवर सही मी करीन. तू नाही करायची.”