वाचकांचे प्रश्न : अर्ध्या वाक्यातले फटके

प्रश्न : आमच्या चर्चच्या तरुण मंडळाला यंदा उत्तम शुक्रवारी संडे स्कूलच्या मुलांना (वय 10 ते 13) ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा येशूच्या छळावरचा आणि मरणावरचा सिनेमा दाखवायचा आहे. मी नको म्हटलं, तर उत्तर मिळालं, “बायबलात आहे तेच तर आहे त्यात.” ऑफिसातली मैत्रीण म्हणते, हा सिनेमा यहुद्यांचा द्वेष पसरवतो. खरं काय?
— एक आई, परळ

उत्तर : ताई, तुम्ही ‘नको’ म्हणालात ते योग्यच केलंत. अमेरिकेतसुद्धा 17 वर्षांखालच्या मुलांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हा सिनेमा पाहता येत नव्हता.

‘बायबलात आहे तेच’ हे वाक्य सिनेमा आला तेव्हा, 2004 साली, मीही ऐकलं होतं. म्हणून थिएटरातून घरी आल्याआल्या शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार जीवनकथा, उघडून बसले. येशूला मारलेल्या फटक्यांबद्दल मत्तय आणि मार्क अर्धं वाक्य लिहितात. योहान एक वाक्य. लूक तर ‘शिक्षा करून सोडतो’ एवढंच रोमी राज्यपाल पिलाताच्या तोंडी घालतो. पडद्यावर मात्र आधी छड्या, मग काटेरी चाबूक, आणि ते संपतच नाही. पिलाताची बायको येशूच्या आईला, मरियेला, पांढरी कापडं आणून देते आणि मरिया फरशीवरचं रक्त टिपते. मला तिथे रडू कोसळलं. पण हा प्रसंग चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. अ‍ॅन कॅथरीन एमरिक या जर्मन जोगिणीचे दृष्टान्त ब्रेंटानो या कवीनं लिहून काढून 1833 मध्ये छापले, त्यातून तो दिग्दर्शक मेल गिब्सन यांनी घेतला. श्रद्धेनं घेतला असेल, तरी मुलांना ‘हेच बायबल’ म्हणून सांगू नये.

समीक्षकांचं तेव्हा एकमत नव्हतं. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पूर्ण चार तारे दिले आणि त्याच लेखात, आपण पाहिलेला हा सर्वांत हिंसक चित्रपट आहे, असंही लिहिलं. मला त्यांचे तारे पटत नाहीत, दुसरं म्हणणं पटतं.

आता मैत्रिणीचं म्हणणं. वाद आहे तो मत्तय 27:25 वर : याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, असं जमाव म्हणतो. अँटी-डिफमेशन लीग या यहुदी संघटनेनं प्रदर्शनाआधीच हरकत घेतली. गिब्सन यांनी त्या ओळीचं भाषांतर पडद्यावरून काढलं, पात्रांच्या तोंडचे अरामी भाषेतले शब्द तसेच ठेवले. याच ओळीच्या आधारानं युरोपात शतकानुशतकं यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चनं 1965 मध्ये लेखी मांडलं. हेही सांगायला हवं की मरियेचं काम करणारी माया मॉर्गनस्टर्न स्वतः यहुदी, आणि तिनं सिनेमाची बाजू घेतली. तरी मला हा आरोप उडवून लावता येत नाही.

कारण भायखळ्याला माझ्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या, मावशी राहत. आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात मराठी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं केलेल्या मलिद्याचं ताट आमच्या घरी न चुकता यायचं. मी सिनेमा पाहून आले त्या दिवशी त्या मला जिन्यात भेटल्या. “कसा होता गं सिनेमा? आमच्याबद्दल काय दाखवलंय?” मला उत्तर देता आलं नाही. आजही तो जिना चढताना मला ते आठवतं.

तुमच्या मुलांना मार्कचे 14 आणि 15 हे अध्याय आळीपाळीनं मोठ्यानं वाचायला द्या. अर्ध्या तासात होतात. मत्तयाची ती ओळ कुणी काढली, तर तिथेच थांबा आणि सांगा की येशू यहुदी होता, त्याची आई आणि शिष्यही यहुदीच होते, आणि वधस्तंभाची शिक्षा रोमी राज्यपालानं दिली. मंडळातल्या मोठ्यांना सिनेमा पाहायचाच असेल तर मुलं घरी गेल्यावर पाहू दे. 2005 मध्ये पाचेक मिनिटं कापलेली आवृत्ती आली होती, पण तीही मुलांसाठी नाही.